स्वतंत्र सर्व्हर घेतला म्हणजे साइट पळणार का?

साइट वाढायला लागली, की कधीतरी होस्टिंग कंपनीचा मेल येतो : तुमच्या खात्याने ठरलेली मर्यादा ओलांडली आहे. मग पानाच्या जागी ५०८ नाहीतर ५०३ असा आकडा दिसायला लागतो, वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘साइट बंद आहे का?’ म्हणून विचारतात आणि ओळखीतला कुणी जाणकार सांगतो, ‘आता डेडिकेटेड घेऊन टाका.’ सल्ला कधीकधी बरोबरही असतो. पण तो ज्या समजुतींवर उभा असतो, त्यातल्या बऱ्याच तपासून घ्याव्यात अशा असतात.

आधी नावं नीट लावून घेऊ. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो साइट असतात. व्हीपीएसमध्येही यंत्र सामाईकच, पण त्याचे आभासी भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक मेमरी आणि प्रोसेसर नेमून दिलेला असतो. डेडिकेटेड म्हणजे अख्खं यंत्र एकट्याचं. शेअर्डवरचं ‘अनलिमिटेड’ जागेसाठी लिहिलेलं असतं. फायलींची संख्या, प्रोसेसरचा वेळ आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांना मर्यादा असतेच, ती अटींच्या बारीक अक्षरांत सापडते.

‘महिन्याला लाख पानं वाचली जातात, म्हणजे स्वतंत्र यंत्र हवंच’

लाख हा आकडा ऐकायला मोठा. तो भागून पाहा. महिन्याला १,००,००० म्हणजे दिवसाला सुमारे ३,३००, तासाला १४० आणि मिनिटाला जेमतेम सव्वादोन पानं. आता ही साइट पाककृतींची आहे आणि उद्या गणेश चतुर्थी आहे असं समजू. संध्याकाळी सगळ्यांनाच उकडीच्या मोदकांचं प्रमाण हवंय. सरासरीच्या पन्नासपट गर्दी धरली, तरी सेकंदाला दोन पानांच्या आसपासच आकडा येतो. मोदकांचं पान एकदा तयार करून त्याची प्रत कॅशमध्ये ठेवली असेल, तर लहानशा व्हीपीएसवरचा एनजिनएक्ससुद्धा तसली पानं सेकंदाला शेकड्यांनी देतो.

मग मर्यादा ओलांडते कशाने? अ‍ॅक्सेस लॉग उघडला की उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या फाइलवर एकाच पत्त्यावरून सतत धडका चाललेल्या असतात. नाना प्रकारचे बॉट जुने विभाग, टॅग आणि शोधाची पानं ओरपत असतात. ती पानं माणसं क्वचितच उघडतात, म्हणून त्यांची कॅशमध्ये प्रत नसते आणि दरवेळी डेटाबेसला कामाला लावावं लागतं. त्यात एखादं ‘संबंधित लेख’ दाखवणारं प्लगइन प्रत्येक पानासाठी अख्खा संग्रह धुंडाळत असतं. हे सगळं न थांबवता मोठ्या यंत्रावर गेलात, तर तेच बॉट तिथे ऐसपैस हातपाय पसरतील. माझ्या मते लॉग न वाचता सर्व्हर बदलणं हा शुद्ध पैशांचा अपव्यय आहे.

स्वतंत्र यंत्र खरोखर लागतं ते वेगळ्या कामांना. वाचक लॉगिन करून येतात आणि प्रत्येकाला वेगळं पान दाखवावं लागतं, दुकान चालतं, जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचा टेराबाइटमध्ये मोजावा असा साठा आहे, किंवा भार दिवसरात्र सारखाच जड आहे. गर्दी वर्षातून चार सणांनाच होत असेल तर व्हीपीएस बरा. त्याची मेमरी काही मिनिटांत वाढवून घेता येते. डेडिकेटेडमध्ये रॅम वाढवायची म्हणजे कुणीतरी स्क्रू काढायला बसतं.

‘६४ जीबी रॅम आहे, आता काय चिंता?’

चिंता ही, की त्या रॅमकडे कुणी बघतही नसेल. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीचा बफर पूल म्हणून एक साठा असतो. डेटाबेसचा नेहमी लागणारा भाग तो मेमरीत धरून ठेवतो. हाताने बदलला नाही तर त्याचा आकार असतो १२८ एमबी. यंत्र ६४ जीबीचं असो की २५६ जीबीचं, १२८ एमबीच. दोन-तीन जीबीचा डेटाबेस असेल, तर बाकीचा भाग पुन्हा पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. (ऑपरेटिंग सिस्टिम आपली कॅश वापरून थोडं सावरून घेते, ते सोडा.)

दुसरी जागा पीएचपीच्या प्रक्रिया चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमची. डेबियन किंवा उबंटूवर ते बसवलं, की ‘मॅक्स चिल्ड्रन’ ही संख्या ५ असते. म्हणजे पीएचपीची कामं एका वेळी पाचच. सहावा वाचक रांगेत. पन्नास खिडक्यांचं ऑफिस बांधून पाचच खिडक्या उघड्या ठेवण्यातला हा प्रकार. शेअर्डवर हे आकडे कंपनीने जुळवून ठेवलेले असतात, त्यामुळे भारीतल्या नव्या सर्व्हरवर साइट आधीपेक्षा मंद चालते आणि मालक चक्रावतो.

उलट बाजूने, उत्साहात तो आकडा ५०० केला तर? एका प्रक्रियेला ६०-७० एमबी लागत असेल, तर ५०० प्रक्रियांना तीस-पस्तीस जीबी. डेटाबेसलाही तितकीच मेमरी देऊन ठेवली असेल, तर गर्दीच्या ऐन वेळी लिनक्स मेमरी मोकळी करायला एखादी प्रक्रिया मारून टाकतं, आणि तो बळी बहुधा मायएसक्यूएलचाच असतो, कारण सर्वांत मोठा तोच. म्हणून एका प्रक्रियेला किती मेमरी लागते ते मोजून, डेटाबेसचा वाटा बाजूला ठेवून, मगच आकडा ठरवायचा.

‘सर्व्हर भारतातच हवा’

कायद्याने म्हणाल तर साध्या लेखनाच्या साइटवर असं बंधन नाही. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८चा आदेश पेमेंट व्यवहारांच्या माहितीपुरता आहे. वेगासाठी म्हणाल तर वाचक कुठे आहेत ते बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतची एक फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास पडते आणि पहिलं पान दिसायच्या आधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. नाशिक-कोल्हापूरच्या वाचकाला मुंबईतला सर्व्हर नक्कीच जाणवतो. न्यू जर्सीतल्या वाचकालाही सुख द्यायचं असेल, तर चित्रं आणि कॅश केलेली पानं सीडीएनवर, म्हणजे वाचकाच्या जवळून प्रती देणाऱ्या सेवेवर, टाकणं दुसरा सर्व्हर घेण्यापेक्षा स्वस्त.

‘डीएनएस पसरायला ४८ तास लागतातच’

यात पसरत काहीच नाही. तुमच्या डोमेनचा आयपी पत्ता कुणी विचारला, की उत्तरासोबत टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा जातो : इतका वेळ हे उत्तर लक्षात ठेव, मग पुन्हा विचार. तो ८६,४०० असेल तर जगभरचे डीएनएस सर्व्हर जुना पत्ता २४ तासांपर्यंत धरून ठेवतील. ३०० असेल तर पाच मिनिटं. स्थलांतराच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवला, तर ऐन वेळी बहुतेक वाचक दहा-पंधरा मिनिटांत नव्या घरी येतात. काही हट्टी रिझॉल्व्हर टीटीएल मानत नाहीत, पण ते थोडे.

४८ तासांची गोष्ट येते नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या डोमेनची उत्तरं देणारे सर्व्हर, बदलण्यातून. डॉट कॉमच्या नोंदणीत नेमसर्व्हरच्या उत्तरांचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, बरोबर ४८ तास, आणि तो तुमच्या हातात नाही. तेव्हा एकाच दिवशी सर्व्हरही हलवायचा आणि नेमसर्व्हरही बदलायचे, हे करू नये. फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपी पत्ता सांगणारी नोंद, बदलावा.

बदलण्याआधी आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नवा आयपी लिहिला, की जग जुनीच साइट बघत असतं आणि आपण एकटे नवी. तपासणी तिथे करायची. एक अडचण मात्र इथे हमखास येते : लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने मिळायला डोमेन नव्या सर्व्हरकडे वळलेलं लागतं, आणि प्रमाणपत्राशिवाय डोमेन वळवलं तर वाचकाला ब्राउझरचा लाल इशारा दिसतो. जुन्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र किल्लीसकट उचलून आणावं, किंवा डीएनएस नोंदीवरून पडताळणी करून घ्यावी.

‘फायली आणि डेटाबेस कॉपी केला की झालं’

इंग्रजी साइटला हे बरंचसं लागू पडतं. मराठी साइटचा खरा घोळ इथेच होतो. जुनी साइट असेल, २००६-०८च्या सुमाराची, तर डेटाबेसच्या तक्त्यांवर अजून ‘लॅटिन-१’ असा शिक्का असण्याची शक्यता आहे, कारण मायएसक्यूएलची मूळ निवड ८.० आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१८पर्यंत, तीच होती. आत देवनागरीचे युटीएफ-८ बाइट ठेवलेले, वर शिक्का लॅटिनचा. घालताना आणि काढताना दोन्हीकडे तोच गैरसमज असल्यामुळे साइटवर मराठी व्यवस्थित दिसत राहतं. नव्या सर्व्हरवर आणताना डेटाबेस या लॅटिनचं इमानदारीत युटीएफ-८ मध्ये भाषांतर करतो आणि सगळा लेख बिघडतो.

बिघाड ओळखायला सोपा आहे. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, त्यातला पहिला नेहमी सारखाच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येतो. त्याच्यामागे चार बारीक काड्यांच्या वर्तुळाचं चलनचिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह. वर्णमालेच्या पहिल्या भागातल्या अक्षरांना पहिलं, मोठ्या वेलांटीपासून पुढच्यांना येन. असं दिसलं तर घाबरू नका, बाइट शाबूत आहेत. जुन्या सर्व्हरवरून डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमध्ये उतरवलेली प्रत, पुन्हा घ्या, या वेळी कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ असा स्पष्ट सांगून. मग डंपमधला शिक्का युटीएफ-८-एमबी-४ असा बदला आणि भरा. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या प्रतीत मूळ मजकूर उरलेलाच नाही. मूळ साठ्याकडेच परत जावं लागेल, म्हणून जुनं खातं इतक्यात बंद करायचं नाही.

तपासताना ताजा लेख उघडून समाधान मानू नये. सर्वांत जुना एक, मधल्या काळातला एक, प्रतिक्रियांमध्ये इमोजी असलेला एक, असे उघडून बघावेत. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘युटीएफ-८’मध्ये तीनच बाइट मावतात, मराठी त्यात बसतं, इमोजीला चार लागतात.

दुसरी गोष्ट लेखांच्या पत्त्यांची. पत्त्यात देवनागरी असेल तर एकेका अक्षराची टक्केवारीच्या चिन्हांसकट नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेसच्या तक्त्यात या जागेला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रे धरून जेमतेम २२ अक्षरं. लांब शीर्षकांचे पत्ते म्हणूनच मध्येच तुटलेले असतात. डेटाबेस जशाचा तसा न आणता कुणी लेख नव्याने भरले आणि पत्ते शीर्षकांवरून पुन्हा तयार झाले, तर ते जुन्याशी जुळतीलच असं नाही, आणि लोकांनी वर्षानुवर्षं पाठवलेले दुवे ४०४ दाखवायला लागतात. आयपी बदलल्याने गूगलमधलं स्थान जातं अशी भीती पुष्कळांना असते. ते खरं नाही. स्थान जातं ते अशा तुटलेल्या पत्त्यांमुळे.

‘डिस्क दोन आहेत, म्हणजे बॅकअप आहे’

रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो. एक डिस्क मेली तर साइट चालू राहते, एवढाच त्याचा उपयोग. चुकून तक्ता पुसला तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो. शिवाय एक डिस्क गेल्याचं लक्षात यायला सूचना लावून ठेवावी लागते. नाहीतर दुसरी गेल्यावरच कळतं.

१० मार्च २०२१च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाचमजली इमारत पूर्ण जळाली आणि नेटक्राफ्टच्या अंदाजाने ३६ लाख साइट बंद पडल्या. काही ग्राहकांनी बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण त्या प्रतीही तिथेच होत्या आणि त्याही गेल्या. प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवी, आणि ती अधूनमधून उतरवून उघडून बघायला हवी.

‘बाकीचं कंपनी बघेल’

मॅनेज्ड घेतलं असेल तर काही प्रमाणात, तेही करारात काय लिहिलंय त्याप्रमाणे. अनमॅनेज्डमध्ये कंपनी वीज, नेटवर्क आणि बिघडलेले भाग बघते. बाकी सगळं तुमचं. सर्व्हर चालू झाला की थोड्याच वेळात लॉगमध्ये ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी आत शिरायचे प्रयत्न दिसू लागतात. तुम्हाला कुणी हेरलेलं नसतं, सगळ्याच पत्त्यांवर दारं ठोठावत फिरणारी यंत्रं असतात ती. एसएसएचचा पासवर्ड बंद करून किल्लीने लॉगिन, फायरवॉल आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप, एवढं पहिल्याच दिवशी करावं. ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना तिचा पाठिंबा कधी संपतो ते बघावं. सेंटॉस ८ वाल्यांना २०२९पर्यंतचा भरवसा होता आणि तो ३१ डिसेंबर २०२१लाच संपला.

मेलसुद्धा यातच येतो. नव्या आयपीवरून पाठवलेले पासवर्ड बदलण्याचे मेल स्पॅममध्ये जातात, कारण त्या पत्त्याची पत अजून तयार झालेली नसते. कधी आधीच्या भाडेकरूने ती घालवलेली असते. एसपीएफ, डीकेआयएम आणि उलटा डीएनएस या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी लावूनही कटकट राहतेच. मेल एखाद्या मेल-सेवेतून पाठवावेत आणि सर्व्हरला त्या भानगडीत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोमेन वळवल्यावर जुन्या सर्व्हरचा लॉग आठवडाभर रोज बघावा. सुरुवातीला तुरळक वाचक येतात, मग नुसते बॉट उरतात. तोवर तिथलं लेखन आणि प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात, नाहीतर तिथे आलेली प्रतिक्रिया तिथेच राहते. खातं बंद करण्याआधी शेवटची प्रत उतरवून घ्यावी, मेलच्या पेट्या त्याच खात्यावर आहेत का ते बघावं, आणि डोमेनची नोंदणीही त्याच कंपनीकडे असेल तर आधी ती दुसरीकडे न्यावी. डॉट कॉमच्या हस्तांतराला सहसा पाच-सहा दिवस जातात.