घुबडाच्या नावाचा कूलर

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की खिडकीला टेकलेली पत्र्याची पेटी, वाळ्याच्या ताट्या आणि दुपारभर चालणारी घरघर डोळ्यांसमोर येते. या लेखातला कूलर माझ्या टेबलाखाली, संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसलेला आहे. वजन १३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी आणि बदामी. नाव नॉक्टुआ एनएच-डी१५. मी मराठी ऑडिओबुकांचं संपादन घरीच करतो. माइक आणि संगणक एकाच खोलीत असतात. त्यामुळे पंख्याचा आवाज माझ्यासाठी रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

नॉक्टुआ ही ऑस्ट्रियातली कंपनी. ऑस्ट्रियाची रासकॉम आणि तैवानची कोलिंक यांनी मिळून २००५ मध्ये ती उभी केली. ‘नॉक्टुआ’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटं घुबड, आणि कंपनीचं बोधचिन्हही घुबडच. आपल्याकडे संध्याकाळी तारेवर बसणारा पिंगळा हा त्याच घुबडाचा सख्खा भाऊबंद, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळाही त्याच गोतावळ्यातला. घुबडाच्या उडण्याचा आवाज भक्ष्याला कळत नाही. पंखे बनवणाऱ्यांनी यापेक्षा चांगलं नाव शोधून दाखवावं.

डी१५ बाजारात आला २०१४ मध्ये. त्याची थोरवी कळायला आधी उष्णता कुठून येते ते पाहावं लागेल. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवणं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए पोरांनी ३०० मेगाहर्ट्झवरून थेट ४५०वर नेला, तेव्हापासून हा नाद घरोघरी पोचला. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि गोम तिथेच आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून आपण ५ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलो. वेग मिळाला अकरा टक्के, उष्णता वाढली चाळीस टक्के. गळतीचा प्रवाह धरला तर त्याहूनही जास्त. शेवटच्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी अख्खी खोली घोंघावत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तो सौदा मला कधीच पटला नाही.

ही उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते. डी१५च्या तळाला निकेलचा मुलामा दिलेली तांब्याची पाटी आहे. तिच्यातून सहा तांब्याच्या नळ्या निघतात आणि दोन्ही बाजूंना वळून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या दोन मनोऱ्यांत शिरतात. या नळ्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, म्हणून ते कमी तापमानालाच उकळतं. खाली वाफ होते, ती वर धावते, पत्र्यांपाशी गार होऊन पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी त्यातून पुन्हा तळाशी येतं. ना पंप, ना हलणारा भाग. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी विकसित केली आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिलं. पुढे चारच वर्षांत तिची चाचणी अंतराळात झाली. आज तीच कल्पना माझ्या टेबलाखाली रात्रभर पाणी उकळवते आणि थंड करते, आणि मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता आवाजाकडे येऊ. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज अर्धा वाटतो. म्हणजे चौदाशे फेऱ्यांचा पंखा सातशेवर आणला, तर वारा अर्धाच गमावला आणि शांतता त्याहून कितीतरी जास्त कमावली. पण अर्ध्या वाऱ्यात भागवायचं तर पत्र्यांचं क्षेत्रफळ मोठं हवं. डी१५ एवढा धिप्पाड आहे तो याचसाठी. त्याचे १४० मिलिमीटरचे दोन पंखे जास्तीत जास्त १५०० फेऱ्या घेतात आणि कंपनीच्या मोजणीनुसार तेव्हा आवाज २४.६ डेसिबल असतो. मी ते ७५०च्या वर क्वचितच जाऊ देतो.

खोक्यावरच्या डेसिबलवर मात्र फार विसंबू नये. एकाच आकड्याचे दोन पंखे कानाला अगदी वेगळे लागतात. एकाचा नुसता वाऱ्याचा सळसळाट असतो; दुसरा एकच सूर धरून गुणगुणतो, किंवा हळू फिरताना बेअरिंगमधून बारीक टिकटिक करतो. सळसळ रेकॉर्डिंगमधून काढता येते. तो एक सूर निवेदकाच्या आवाजात मिसळला की काढताना आवाजाचा जीव जातो. नॉक्टुआने हे ओळखून पंख्याच्या तोंडाशी, चौकटीच्या आतल्या कडेला बारीक पायऱ्या कोरल्या आहेत. येणारा वारा त्यांवर विस्कटतो आणि सूर धरण्याऐवजी सळसळतो. दुरून ते नक्षीकाम वाटतं. कान लावला की त्याचा उपयोग कळतो.

माझा आधीचा कूलर स्वस्तातला होता आणि तो दुकानातूनच बसवून आणला होता. महिनाभर प्रोसेसर जरा काम पडलं की शंभर अंशांवर जाऊन आपोआप मंदावायचा आणि पंखा किंचाळायचा. शेवटी मी स्वतः उघडून पाहिलं, तर पाटीवरची संरक्षक प्लॅस्टिकची फिल्म काढलेलीच नव्हती. प्रोसेसरची उष्णता पाटीत पोचवणारी पेस्ट तिच्यावरच फासली होती. तेव्हापासून कूलर मी माझ्या हाताने बसवतो.

डी१५ बसवायला अर्धा तास पुरतो. प्रोसेसरच्या टोपणावर पेस्टचा एक थेंब मधोमध आणि चार बारीक ठिपके कोपऱ्यांकडे. मधला पंखा काढून दोन मनोऱ्यांमधल्या फटीतून लांब पेचकस घालायचा. दोन्ही स्प्रिंगचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळायचे. एक आधी पूर्ण आवळला तर पाटी कलते आणि पेस्ट एका बाजूला पळते. स्क्रू टेकला की हाताला स्पष्ट कळतं. मग तारेची क्लिप पंख्याच्या कोपऱ्यात अडकवायची. उंच रॅम असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, कारण खाली ३२ मिलिमीटरचीच जागा आहे.

कितीही मोठा कूलर घेतला तरी एक अडचण तो सोडवू शकत नाही: टोपणाच्या आत अडलेली उष्णता. इंटेलने २०१२च्या आयव्ही ब्रिज पिढीत चिप आणि टोपण यांच्यामध्ये डाखाऐवजी पेस्ट वापरली, आणि हौशी लोक टोपणं उचकटायला लागले. २०१८च्या कोअर आय९-९९००केमध्ये डाख परत आला. उष्णता बाहेरच येत नसेल तर पंख्याचा वेग वाढवून फक्त आवाज वाढतो.

आता आपल्या हवेबद्दल. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा अमुक अंश वर ठेवतो, एवढंच त्याच्या हातात असतं. तिकडे २१ अधिक ५५ म्हणजे ७६ अंश. मे महिन्यात नागपुरातल्या खोलीत ३८ अधिक ५५ म्हणजे ९३. चाचणीत ‘उत्तम’ ठरलेलं ओव्हरक्लॉकिंग इथे उन्हाळ्यात टिकत नाही. म्हणून मी दोन व्यवस्था ठेवल्या आहेत: होळीनंतर व्होल्टेज उतरवतो आणि दिवाळीला पुन्हा चढवतो. दर दोन महिन्यांनी पत्र्यांमधली धूळ ब्लोअरने काढतो. तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात.

डी१५च घ्यावा का? २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आठ नळ्यांची, आणखी महाग. दुसरीकडे थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई पहिल्या डी१५च्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. त्यालाही दोन मनोरे आणि सहा नळ्या आहेत, उंची १५५ मिलिमीटर. बहुतेकांना तो पुरेल, असं माझं स्पष्ट मत आहे. नॉक्टुआचे जास्तीचे पैसे पंख्याच्या स्वभावाचे, सहा वर्षांच्या वॉरंटीचे, आणि नवं सॉकेट आलं की जुन्या ग्राहकालाही जोडणीचे सुटे भाग मोफत पाठवण्याच्या रिवाजाचे आहेत. ज्याची खोली हीच त्याची रेकॉर्डिंगची जागा आहे, त्याने ते द्यावेत.

काहीही घेण्याआधी दोन गोष्टी करा. बायोसमध्ये जाऊन पंख्याचा वेग आहे त्याच्या निम्म्यावर आणा आणि तापमान किती अंशांनी चढतं ते पाहा. कदाचित नव्या कूलरची गरजच नसेल. आणि गरज निघालीच, तर कॅबिनेटमध्ये किती उंच कूलर मावतो ते आधी तपासा. १६० मिलिमीटरची जागा असेल तर डी१५ बसत नाही.