गोठलेल्या जमिनीची राखण करणारी नळी

उष्णतावाहक नळी, अर्थात ‘हीट पाइप’, समजून घेण्यासाठी आम्ही अलास्कातील १९७७ साली सुरू झालेल्या तेलवाहिनीचे उदाहरण घेतो. तेथील सदैव गोठलेली जमीन वितळली, तर वाहिनीचे आधारस्तंभ खचतील. म्हणून स्तंभांत बंद नळ्या बसविल्या आहेत. त्यांतील द्रवरूप अमोनिया हिवाळ्यात जमिनीची उष्णता शोषून वायुरूप होतो, वर जातो आणि थंड हवेला ती उष्णता देऊन पुन्हा द्रवरूपाने खाली उतरतो. अवस्था बदलताना पदार्थ पुष्कळ उष्णता सामावून घेतो: एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी लागते, उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी. उन्हाळ्यात वरची हवा जमिनीहून उबदार होताच हे चक्र आपोआप थांबते. या कार्यास पंप वा वीज लागत नाही, हे आम्हांस विशेष वाटते.