प्रोफाइलला जोडलेली बाहेरची दारे

सोशल नेटवर्किंग संकेतस्थळावरील प्रोफाइल हे आपले घरच, असे आपण मानतो. मात्र या घराला बाहेरून किती दारे जोडली गेली आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करत नाही. एखादा खेळ खेळताना, प्रश्नमंजूषा सोडवताना किंवा एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर खाते उघडताना आपण 'फेसबुकद्वारे लॉग-इन करा' हे बटण दाबतो आणि नवी जोडणी तयार होते. नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही, ही मोठीच सोय. समोरच्या संकेतस्थळाला आपला पासवर्डही कळत नाही. तथापि आपले नाव, छायाचित्र, ई-मेल अशी ठरावीक माहिती पाहण्याची परवानगी त्याला मिळते.

या जोडण्यांचा धोका प्रथम २००७ साली लोकांच्या ध्यानात आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकने 'बीकन' नावाची योजना आणली. बाहेरच्या संकेतस्थळांवर केलेल्या खरेदीची वार्ता थेट मित्रमंडळींपर्यंत पोहोचू लागली. अमेरिकेतील एका गृहस्थाने पत्नीसाठी गुपचूप घेतलेली अंगठीही त्यामुळे जगजाहीर झाली! महिनाभरातच मार्क झुकरबर्ग यांना क्षमा मागावी लागली आणि २००९ साली ही योजना गुंडाळण्यात आली.

पुढील प्रसंग अधिक गंभीर होता. २०१३ साली व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप फेसबुकला जोडण्यात आले. तेव्हाच्या नियमांनुसार ॲप घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती मिळवता येत असे. ती माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली. भारतात हे ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. परंतु ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली असावी, असे फेसबुकने २०१८ साली सांगितले. मित्रांच्या माहितीचा हा मार्ग २०१५ साली बंद झाला होता. पण गेलेली माहिती गेलीच होती. एकाने उघडलेल्या दारातून शेजाऱ्यांचीही घरे उघडी पडली, हा त्यातील बोध.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे, की या जोडण्यांची एकदा नीट आवराआवर करावी. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स' या विभागात त्यांची यादी मिळते. गूगल खात्यातही अशी यादी असते. तिचे तीन गट करावेत. नित्य उपयोगाच्या जोडण्या ठेवाव्यात. क्वचित लागणाऱ्या जोडण्यांना कोणती माहिती दिली आहे ते पाहून अनावश्यक परवानग्या काढून घ्याव्यात. ओळखही न पटणाऱ्या जोडण्या सरळ काढून टाकाव्यात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्या संकेतस्थळावर पुढेही जायचे आहे, तेथे जोडणी तोडण्यापूर्वी स्वतंत्र पासवर्ड तयार करावा. अन्यथा आपल्याच खात्याबाहेर राहण्याची पाळी येते. दुसरे असे, की जोडणी काढल्याने पुढची देवाणघेवाण थांबते, पूर्वी नेलेली माहिती मात्र परत येत नाही. ती पुसण्याची मागणी त्या संकेतस्थळाकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

दार उघडण्यास एक क्षण पुरतो. त्यातून काय बाहेर जाणार आहे, हे वाचण्यास एखादे मिनिट लागते. ते मिनिट आपण स्वतःसाठी आणि आपल्या मित्रांसाठीही अवश्य द्यावे.