नकली माशाच्या नाकातली गाठ

अमेरिकेत बास नावाचा मासा पकडायला लाकडाचे किंवा कडक प्लास्टिकचे नकली मासे वापरतात. ते पाण्यात डुलले की बास झडप घालतो, म्हणून तंगूस नाकातल्या कडीला कसा बांधला याला फार महत्त्व. गाठ थेट कडीवर करकचून आवळली की डुलणं आखडतं. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये घडवला तसल्या हलक्या माशाला सैल फासाची गाठच उत्तम. त्या छोट्या फासात कडी मोकळी खेळते. नाकात दुहेरी वेढ्याची कडी आधीच असेल, तर गाठ तिलाच मारावी. मात्र तिच्या कापलेल्या टोकापासून दूर, नाहीतर तंगूस चिरतो. जड फिरकीची कडी टाळाच, ती नाक खाली ओढते. आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथेच तुटतो.