गावाचा हिस्सा कुठल्या हेडखाली?

मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ऐंशीच्या दशकात सुइणींच्या हाती दिलेले श्वास मोजायचे साधन एवढेच होते. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ आणि त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाला पन्नास, ही धोक्याची रेषा. बऱ्याच सुइणींची मोजणी तिथवर जात नव्हती, दहापर्यंत मात्र जात होती. म्हणून दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा आणि कोट्रायमॉक्साझोल सुरू करायचे. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये या प्रयोगाचा निकाल छापून आला. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, तर तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते.

या साधनाला खर्च तो किती! खरा खर्च होता तो ते सुइणीच्या हातात विश्वासाने जाण्याचा. आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्यांच्या तक्त्यात नेमकी हीच रक्कम कुठे बसत नाही. उपकरणाला हेड असते, रसायनांना असते, प्रवासाला असते. गावाशी नाते जुळायला लागणाऱ्या दोन-चार वर्षांना नसते.

प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत नेणे आणि सिद्ध झालेला उपचार खेड्यातल्या उंबऱ्यापर्यंत नेणे, या दोन वेगळ्या मजला आहेत. पहिलीला पैसा मिळतो, कारण तिथे पेटंट, कंपनी, उत्पादन असे काहीतरी दाखवता येते. दुसरीत दाखवायला असतात त्या भरलेल्या नोंदवह्या आणि न मेलेली मुले.

'सर्च'चे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत आले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्रीयदृष्ट्या तो महत्त्वाचा होता, पण आदिवासींना तो आपला प्रश्न वाटलाच नाही. रक्त दिले, पण त्यातून हाती काय आले, असा त्यांचा रोख होता. डॉ. बंगांनी ही गोष्ट पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. मग विचारण्याचा क्रम उलटा झाला. दवाखाना कसा हवा, हेही लोकांनाच विचारले. झोपड्यांच्या वस्तीसारखा हवा, नातेवाइकांना सोबत राहता यावे आणि नाव दंतेश्वरी मातेचे असावे, असे त्यांनी सांगितले. आज 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरात माँ दंतेश्वरी दवाखाना आहे तो असा. बायकांनी आपली दुखणी राणीबाईंपुढे मांडली. त्यातून १९८९ चा अभ्यास उभा राहिला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. प्रसूती आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे बाईच्या शरीराकडे पाहायचेच नाही, ही आरोग्ययंत्रणेची सवय या आकड्यांनी उघडी पाडली.

घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रसिद्ध प्रयोग त्यानंतरचा. १९९३ पासून जन्म-मृत्यूच्या पायाभूत नोंदी, १९९५ पासून ३९ गावांत प्रत्यक्ष काम, तुलनेला ४७ गावे. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायका 'आरोग्यदूत' झाल्या. बाळाला झोळीत घालून वजन करायचे, उबदार पिशवीत ठेवायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही द्यायचे, हे सगळे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. या कामामागे फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा पैसा होता, पुढच्या टप्प्यांत सेव्हिंग न्यूबॉर्न लाइव्ह्ज आणि गेट्स फाउंडेशनचाही आला. पण कागदावर ही मंडळी येण्याआधी कित्येक वर्षे गाव आलेले होते. मला वाटते, सगळ्या यशाची किल्ली या क्रमात आहे.

२०११ मध्ये केंद्र सरकारने हेच काम देशभरातल्या 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांकडे सोपवले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात, आणि त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये. मात्र इंजेक्शन आशांच्या हातून काढून घेतले. सरकारची धास्ती समजण्यासारखी आहे. लाखो बायकांना सुई द्यायची तर देखरेखही तितकीच हवी. पण मृत्यू रोखणारा एक मोठा भाग असा वगळला की मूळचे ६२ टक्के मिळणार नाहीत, हेही कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे होते. त्यात २०११ च्या सूचनांत पैसे मिळण्यासाठी बाळाची जन्मनोंद, लसीकरण यांच्या जोडीला आई आणि बाळ ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असण्याचीही अट होती. म्हणजे सहाही वेळा त्या घरी जाऊन आलेल्या आशाच्या हिशेबात बाळाचा मृत्यू कसा मांडायचा? ही अट गावाला विचारून ठरली नसणार, एवढे नक्की.

१९८६ ते २०११, पंचवीस वर्षे. आता आजच्या पैशाची मुदत पाहा. जैवतंत्रज्ञानाला पैसा देणाऱ्या 'बायरॅक' या सरकारी संस्थेचे 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळते, पण दीड वर्षात संकल्पना सिद्ध करून दाखवायची असते. मण्यांच्या साधनासारख्या वस्तूला ते चांगले, त्याभोवतीच्या माणसांना नाही. संशोधकांना पैसा देणाऱ्या 'इंडिया अलायन्स'ची फेलोशिप पाच वर्षांपर्यंत पुरते, क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याला तिथे वेगळी वाटही आहे, पण ती मिळते व्यक्तीला. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी म्हणजे नफ्याचे दोन टक्के. त्यातला चालू प्रकल्प सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांत संपवावा लागतो. माझ्या मते जिल्ह्यातल्या छोट्या संस्थेला आज सर्वांत जवळचे दार सीएसआरचेच आहे. फक्त कंपनीला शिबिराचे फोटो हवे असतात आणि संशोधनाला तुलनेची गावे. जिथे काहीच उद्घाटन होणार नाही अशा गावावर खर्च का करायचा, हे समजावण्यात निम्मी शक्ती जाते.

परदेशी पैशाचे गणित तर २०२० मध्ये मुळातून बदलले. एफसीआरए कायद्यातल्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शहरातल्या मोठ्या संस्थेने अनुदान आणायचे आणि त्यातला हिस्सा तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे वळवायचा, ही अनेक वर्षांची रीत त्यामुळे बंद पडली. पैशांच्या हिशेबाला शिस्त हवी, यात वाद नाही. पण परिणाम असा झाला की छोट्या संस्थेने एकतर स्वतःची एफसीआरए नोंदणी मिळवायची, नाहीतर मोठ्या संस्थेच्या थेट पगारावरचे मनुष्यबळ होऊन राहायचे. दुसऱ्या प्रकाराला भागीदारी म्हणणे मला जड जाते.

तेव्हा एखादे वैद्यकीय महाविद्यालय किंवा संशोधन संस्था करारनामा घेऊन दारात आली, तर स्थानिक संस्थेने सहीपूर्वी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. नोंदवह्या कुणाच्या मालकीच्या? निकाल गावात, गावच्या भाषेत सांगायला यायचा खर्च अंदाजपत्रकात आहे का? शोधनिबंधावर स्थानिक माणसाचे नाव असेल का? नवजात बाळांच्या प्रयोगावरच्या १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधावर बंग दांपत्याबरोबर तिथल्या सहकाऱ्यांचीही नावे आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. आणि तीन वर्षांनी अनुदान संपले, तर ज्या बाईला बाळाचे श्वास मोजायला शिकवले तिचे मानधन चौथ्या वर्षी कोण देणार, जिल्हा परिषद, कंपनी की कुणीच नाही, तेही त्याच कागदावर आताच लिहून घ्यावे.