आर.ओ.चा पडदा का तुंबतो?



गावात पिण्याच्या पाण्याचं मशीन चालवणाऱ्या गटांकडून अलीकडे एकच प्रश्न येतो आहे. "ताई, शहरात म्हणे गटाराचं पाणीसुद्धा आर.ओ.नं स्वच्छ करून कारखान्यांना देतात. मग आपलं मशीन बोअरच्या पाण्यावर वर्षभरातच मान का टाकतं?" प्रश्न रास्त आहे. नवीन मेम्ब्रेन घ्यायचा पैसा शेवटी गटाच्या बचतीतूनच जातो. म्हणून आज याचं उत्तर समजून घेऊ.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. फोडीच्या आतलं पाणी पातळ पडद्यातून बाहेरच्या मिठाकडे येतं. कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जायचं, ही पाण्याची सवयच आहे. आर.ओ. मशीन पंपाचा जोर लावून पाण्याला उलट चालायला लावतं. खारट बाजूचं पाणी पडद्यातून ढकललं जातं आणि क्षार मागे राहतात. हा पडदा म्हणजेच मेम्ब्रेन. त्याचा काम करणारा थर आपल्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. असे पडदे एका नळीभोवती सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले असतात. दोन पडद्यांमधली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्या अरुंद वाटेत काही अडकलं की पाणी अडणारच. या तुंबण्याला तिथले लोक 'फाउलिंग' म्हणतात.

तुंबवणाऱ्या गोष्टी चार प्रकारच्या आहेत. पहिली म्हणजे गाळ: माती, गंज, लोहाचे कण. दुसरी म्हणजे ओशटपणा: तेल, साबण, अन्नाचे अंश. तिसरी म्हणजे जिवाणू. पाण्याच्या माठात आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर ते पडद्यावर धरतात. चौथी म्हणजे क्षार. हीटरच्या कॉइलवर पांढरं किटण चढतं, तेच इथे चढतं. गाळ आणि जिवाणू बहुधा पाणी आत शिरतं त्या टोकाला जमतात, तर क्षार पाणी बाहेर पडतं त्या टोकाला. का, ते पुढे सांगते.

सांडपाण्यात या चारही गोष्टी असतात. तरीही ते प्रकल्प चालतात. चेन्नई शहराचं उदाहरण घ्या. तिथे कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथे २०१९ मध्ये असे दोन प्रकल्प सुरू झाले. प्रत्येकाची क्षमता दिवसाला साडेचार कोटी लिटर. हे पाणी कारखान्यांना देतात, म्हणजे तेवढं चांगलं पाणी माणसांसाठी उरतं. पण मैलापाणी थेट आर.ओ.मध्ये कुणी सोडत नाही. आधी नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात गाळ खाली बसवतात. मग पाण्यात हवा सोडून, जिवाणू वाढवून, त्यांच्याकडूनच घाण खाऊन घेतात. त्यानंतर ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून जातं. तिला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. तिथे बहुतेक जिवाणूही अडतात. एवढं झाल्यावर आर.ओ.ची पाळी येते. आर.ओ.चं आयुष्य त्याच्या आधीच्या कामावर ठरतं, ते असं.

दुसरी गोष्ट रिजेक्ट पाण्याची. १०० लिटर पाणी आत गेलं आणि ७५ लिटर शुद्ध मिळालं, तर सगळे क्षार उरलेल्या २५ लिटरमध्ये राहतात. म्हणजे ते पाणी चौपट खारं होतं. शुद्ध पाणी ९० लिटर काढलं, तर उरलेलं दसपट खारं. दूध आटवत नेलं की शेवटी भांड्याच्या तळाला लागतं, तसंच हे. म्हणून क्षार शेवटच्या टोकाला चढतात. रिजेक्ट पाणी वाया जातं असं वाटून तो व्हॉल्व्ह आणखी बंद केला, तर आपण स्वतःच पडद्यावर किटण चढवत असतो. तो व्हॉल्व्ह कंपनीनं पाण्याची तपासणी करून लावून दिलेल्या खुणेवरच ठेवा. वाया जाणारं पाणी टाकीत साठवून संडासाला, फरशी पुसायला वापरा. पिकाला किंवा जनावराला देऊ नका.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. बोअरच्या पाण्यात घाण कमी दिसते, पण क्षार आणि लोह भरपूर असू शकतं. त्यात वाळूचा फिल्टर आठवड्यानं उलटा धुवायचा राहतो, पांढरा कार्ट्रिज काळा पडला तरी बदलत नाही, क्षार चढू न देणारं औषध संपलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आधीची कामं राहतात आणि भार पडद्यावर येतो.

क्लोरीनबद्दलही सांगते. जिवाणू मरावेत म्हणून कुणी टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतं. पण मोकळं क्लोरीन हा पडदा खाऊन टाकतं आणि ते नुकसान भरून येत नाही. क्लोरीन घातलेलं पाणी आर.ओ.त जात असेल, तर ते आधी काढून टाकायची सोय मशीनवर हवी.

तुंबायला लागलंय हे ओळखायचं कसं? एक वही घाला. रोज ठरल्या वेळी, मशीन चालू होऊन १५ मिनिटं झाली की तीन गोष्टी लिहा. एक, शुद्ध पाण्याच्या पाइपाखाली २० लिटरचा जार किती सेकंदांत भरतो. दोन, पडद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजवरचा दाब. तीन, शुद्ध पाण्याचा टीडीएस. मशीन तासाला ५०० लिटरचं असेल, तर जार १४४ सेकंदांत भरतो. तोच १६० सेकंद घ्यायला लागला, म्हणजे पाणी दहा टक्क्यांनी घटलं. दोन गेजमधला फरक पंधरा टक्क्यांनी वाढला, किंवा टीडीएस चढायला लागला, तरी तीच खूण. पण थंडीत घाबरू नका. पाणी एक अंश गार झालं की उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी आपोआप कमी होतं. म्हणून वहीत पाण्याचं तापमानही लिहा.

खूण वेळेवर दिसली, तर पडदा बहुतेक वेळा धुऊन निघतो. क्षारासाठी सायट्रिक ॲसिडसारखं आम्लाचं पाणी वापरतात. ओशटपणा आणि जिवाणूंच्या थरासाठी कॉस्टिकचं पाणी. दोन्ही असतील, तर सहसा कॉस्टिक आधी, कारण आम्लानं तो थर आणखी घट्ट बसू शकतो. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच, हातमोजे आणि चष्मा घालून करून घ्यायचं. उशीर झाला की थर कडक होतो आणि मग खरंच पडदा बदलावा लागतो.

एका गटाला दुरुस्तीवाल्यानं सगळे मेम्ब्रेन बदलायला सांगितलं होतं. बायकांनी वही पुढे ठेवली. पाणी घटलं होतं, पण टीडीएस जसाच्या तसा होता. म्हणजे पडदा फाटला नव्हता, तुंबला होता. त्यांनी आधी धुऊन बघायला लावलं आणि पाणी पुन्हा चालू झालं. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. पण नवीन मेम्ब्रेनचं बिल पास करण्याआधी "टीडीएस किती आहे? धुऊन बघितलं का?" हे दोन प्रश्न विचारायचा हक्क गटाला आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत मशीनची वही कोण लिहिणार आणि फिल्टर कोणत्या वारी धुवायचा, हे ठरावात लिहून घ्या. काम आळीपाळीनं वाटून घ्या, म्हणजे एकीवर पडणार नाही. वहीतले आकडे समजले नाहीत, तर वही घेऊन या, आपण मिळून वाचू.