मैदानातली मुलं – भाग ७ : चेंडू सुटण्याच्या आधी

सॉफ्टबॉलच्या शालेय सामन्यात पिचरने ओळीने तीन जणींना वॉक दिला की मैदानाच्या कडेने एकच वाक्य येतं, "अगं, नीट टाक ना!" सर म्हणतात, घरचे म्हणतात, बाकावर बसलेल्या मैत्रिणीही म्हणतात. तिला नीटच टाकायचं असतं. पण नीट टाकायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं, हे तिला कुणी सांगत नाही. तिची चिडचिड तिथून सुरू होते.

मागच्या भागात आपण क्षेत्ररक्षण पाहिलं. तिथे एखादीच्या हातून चेंडू निसटला तर मागून दुसरी धावून येते. पिचरला असा आधार नाही. चार बॉल पडले की समोरची बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जाते, आणि ते होत असताना बाकीच्या आठ जणी नुसत्या उभ्या असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते उभं राहणं टोचतं. "ताई, मला सेकंड बेसला टाका, माझ्याच्यानं पिचिंग नाही होत," असं मला सांगणाऱ्या बहुतेक मुली आपापल्या संघातल्या सगळ्यात मेहनती मुली होत्या. मेहनत कमी पडलेली नसते, ती चुकीच्या जागी खर्च होत असते.

ती जागा शोधायची तर आधी थोडे आकडे बघू. आंतरराष्ट्रीय नियमांत महिलांसाठी पिचर्स प्लेट ते होम प्लेट हे अंतर १३.११ मीटर आहे. लहान वयोगटांसाठी ते १२.१९ मीटरही ठेवतात. होम प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर. चेंडूचा घेर साधारण ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलीच्या पंज्याला तो मोठाच. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा आणि चेंडू मांडीच्या बाजूने, खालून सोडायचा. सुटताना हात कमरेखाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब जाता कामा नये, असा नियम आहे. याला आपण विंडमिल म्हणतो.

आता समजा, मुलगी ताशी ७० किलोमीटर वेगाने चेंडू टाकते. खांद्यापासून चेंडूपर्यंतचं अंतर ६५ सेंटिमीटर धरलं तर या वेगाने तिचा हात एका सेकंदाच्या शंभराव्या भागात जवळजवळ १७ अंश फिरतो. आणि चेंडूची दिशा एका अंशाने जरी बदलली, तरी १२ मीटरवर तो सुमारे २१ सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात शरीर पुढे सरकत असतं, त्यामुळे तळाशी हाताचा मार्ग थोडा सपाट होतो आणि तेवढी सवलत मिळते. तरीही चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला की आपण सहज म्हणतो, "उशिरा सोडलास, जरा लवकर सोड." तो 'जरा' एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्या वेळात कुणीही विचार करून बोटं उघडू शकत नाही. जगातली सर्वोत्तम पिचरही ते करत नाही. तिचं शरीर प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच क्रमाने येतं आणि चेंडू तिथे आपोआप सुटतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की चेंडू चुकलेला दिसतो तो हातातून सुटल्यावर, पण चूक झालेली असते त्याआधी. पुष्कळदा ती पायात असते. दुरुस्ती करायची तर क्रमात सगळ्यात आधी जे बिघडलंय तिथे करायची आणि एका वेळी एकच करायची.

एका मुलीचं उदाहरण देते. तेरा वर्षांची, उजव्या हाताने टाकणारी. तिची तक्रार अशी की चेंडू कधी उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगावर जातो, कधी एकदम पलीकडे, बाहेर. आपल्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि एक सुधारायला गेलं की दुसरी होते म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी तिच्या हाताकडे बघितलंच नाही. पिचर्स प्लेटच्या मध्यापासून होम प्लेटच्या दिशेने फक्कीची सरळ रेघ मारली आणि तिला एकदा टाकायला लावलं. मग चेंडू कुठे गेला ते न बघता आम्ही दोघी मातीवर वाकलो. डाव्या पायाचा ठसा रेघेच्या उजवीकडे, तिसऱ्या बेसच्या बाजूला, चांगला वीतभर सरकलेला होता. पुन्हा टाकलं, ठसा पुन्हा तिथेच. पाय असा आडवा पडला की कंबर हाताच्या वाटेत येते. वेगाने खाली येणारा हात एक तर कमरेला घासून बाहेर फेकला जातो किंवा वळसा घालून आत ओढला जातो. चेंडू दोन दिशांना जात होते, पण चूक एकच होती. ते स्वतःच्या डोळ्यांनी मातीवर बघितल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्हणजे हात बरोबर आहे?" तिने विचारलं. हात बरोबर आहे, त्याला जायला वाट नाही, एवढंच मी सांगितलं.

ठशात आणखीही वाचता येतं. पुढच्या पायाचा पंजा होम प्लेटकडे नाक करून सरळ पडला असेल तर कंबर फार लवकर बंद झालेली असते. पंजा साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांनी तिसऱ्या बेसकडे वळलेला बरा. पायाचा गुडघा किंचित वाकलेला पण भक्कम हवा, कारण पुढे झेपावलेलं शरीर त्या पायावर थांबतं तेव्हाच त्याचा वेग हातात उतरतो. तो पाय लुळा पडला की धक्का जिरून जातो आणि मुलगी खांद्याच्या बळावर टाकायला लागते.

इथे मोठ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. पाय सरळ पडायला लागला की पहिले काही दिवस चेंडू आधीपेक्षा वाईट जातात. आडव्या पायाशी जुळवून घ्यायला हाताने कित्येक महिने एक वाकडी सोय शिकून ठेवलेली असते. पाय सुधारतो, हात मात्र जुनीच सोय करत राहतो. अशा वेळी घरून "आधीच बरं होतं की गं" असं एक वाक्य आलं, तरी मुलगी जुन्या पायावर परत जाते. म्हणून हे होणार आहे, किती दिवस चालेल ते नक्की सांगता येत नाही, आणि तोवर स्ट्राइक मोजायच्या नाहीत, असं तिला आणि पालकांना आधीच सांगून ठेवावं.

स्ट्राइक मोजायच्या नसतील तर लक्ष्यच काढून टाकावं. जाळी असेल तर जाळी, नाहीतर दोरीवर जुनी जाड चादर टांगावी आणि पाच-सहा मीटरवरून तिच्यात पूर्ण जोराने टाकायला लावावं. रेघ आखलेली असावी आणि दर चेंडूनंतर तिने ठसा बघावा. चेंडू चादरीला कुठे लागला ते कुणीही बोलायचं नाही. मी जोर कमी करायला सांगत नाही. "हळू टाक, पण स्ट्राइक टाक" हा सल्ला मायेने दिला जातो, पण हळू टाकताना मुलगी हात अडवत, मार्ग दाखवत खाली आणते, कोपर आखडतो, आणि ती एक निराळीच हालचाल शिकते. सामन्यात तिचा उपयोग नाही. जोर तोच ठेवावा, अंतर कमी करावं.

मनगटाच्या सरावाबद्दलही माझं मत ठाम आहे. कॅचरपासून दोन पावलांवर उभं राहून नुसतं मनगट झटकायचं आणि शेवटी कोपर उचलून खांद्यापाशी आणायचा, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी शिकवतात. मोठ्या पिचर्सची संथ गतीची चित्रफीत बघितली तर तसं दिसत नाही. हात खाली येताना कोपर पुढे असतो आणि तळवा तिसऱ्या बेसच्या बाजूला. कोपराखालचा हात कमरेला हलका घासून जातो, तिथे तो जणू थबकतो, आणि पुढचा हात आत वळत चेंडू सोडतो. कोपर वर जातो तो चेंडू सुटल्यानंतर, उरलेल्या वेगाने. मुद्दाम उचललेला कोपर हात कडक करतो. माझ्या हाताखालच्या मुलींसाठी मी ही पद्धत बंद केली आहे.

चित्रफितीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. फोनवरचं साधं चित्रीकरण सेकंदाला ३० चित्रं घेतं. वरच्या हिशेबाने दोन चित्रांच्या मधे हात सत्तावन्न अंश फिरलेला असतो, म्हणजे सुटण्याचा क्षण सापडतच नाही. फोनमध्ये २४० चित्रांची संथ गती असेल तर ती लावावी. मग दोन चित्रांत सातच अंशांचा फरक राहतो. एकदा बाजूने आणि एकदा कॅचरच्या मागून चित्रीकरण करावं. आणि ते आधी मुलीच्या हातात द्यावं. "काय दिसतंय तुला?" असं विचारून गप्प बसावं. तिला स्वतःला दिसलेली चूक ती जितक्या लवकर सोडते, तितकी आपण दाखवलेली सोडत नाही.

चिडचिडीकडे आपण स्वभावाचा दोष म्हणून बघतो. पिचिंगमध्ये ती सरळ हातात उतरते. रागावलेली मुलगी चेंडू आवळून धरते. आवळलेला चेंडू बोटांतून उशिरा सुटतो, आणि उशिरा सुटलेला चेंडू वर जातो. वर गेला की ती आणखी आवळते. लागोपाठ चार चेंडू डोक्यावरून जाण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. अशा वेळी "शांत हो" म्हणून कुणी शांत होत नाही. कॅचरने वेळ मागून तिच्यापर्यंत चालत जावं, चेंडू हातात द्यावा आणि फक्त बोटं बघावीत. चेंडू तळहातात रुतलेला असेल तर तो बोटांवर आणायचा. लहान हाताच्या मुलीने तीनच्या जागी चार बोटं शिवणीवर ठेवली तरी काही बिघडत नाही.

आणखी एक कारण असं आहे, की त्यात कुणाचीच चूक नसते. अकरा ते चौदा या वयात मुली भराभर उंच होतात. हात लांब होतात, पाय लांब होतात, आणि मागच्या वर्षी जुळलेला ताल एकाएकी सुटतो. तिला वाटतं, आपण विसरलो. घरच्यांना वाटतं, लक्ष उडालं. दर दोन-तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा. उंची झपाट्याने वाढलेली दिसली तर नवं काही शिकवू नका, चादरीवरचा सराव पुन्हा सुरू करा आणि वाट बघा.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती सांगते. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, म्हणून सॉफ्टबॉलच्या पिचरला विश्रांती नको, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचर्सचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचर्सच्या तोडीचा निघाला. २००८मध्ये बीजिंगला जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवून दिलं. तोक्योत २०२१मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा जिंकली. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण बीजिंगला ती सव्वीस वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, व्यावसायिक तयारीची खेळाडू होती. आपल्या जिल्हा आणि विभाग स्पर्धांत तेरा वर्षांची एकच मुलगी संघाचे सगळे सामने टाकते, कारण दुसरी तयारच केलेली नसते. प्रत्येक शाळेने किमान दोन पिचर तयार कराव्यात. खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या वरच्या टोकाशी दुखतंय असं मुलीने सांगितलं तर त्याच दिवशी पिचिंग थांबवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. मलम लावून पुढच्या सामन्यात उभी करू नये. थकलेल्या मुलीची पावलं आखूड पडायला लागतात. फक्कीच्या रेघेवर हेही दिसतं, आणि ती स्वतः "दमले" म्हणण्याच्या पुष्कळ आधी दिसतं.

सामन्याच्या दिवशी काहीही दुरुस्त करायचं नसतं. तिच्याशी आधी बोलून एक शब्द ठरवावा, समजा 'पाय', आणि कडेने बोलायचा तो तेवढाच. बाकीच्यांनी, घरच्यांनीसुद्धा, नाव घेऊन टाळ्या वाजवाव्यात. सामना हरल्यावर घरी जाताना गाडीत पिचिंगचा विषय काढू नये. तिने काढला तर ऐकावं. पुढच्या सरावाला सुरुवात पुन्हा पाच मीटरवरून, चादरीसमोर करायची.

पुढच्या आठवड्यात चेंज-अप : तो कधी शिकवावा आणि बहुतेक ठिकाणी तो फार लवकर का शिकवला जातो.